विळीच्या पात्याची सुरी: मुठीला लाकूड कुठलं आणि घडवायचं कसं?

पडवीतला

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आईचे दोन्ही गुडघे संपावर गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली, म्हणजे विळी बंद. साठ वर्षांची सवय. ओट्याशी उभं राहून सुरीने भाजी चिरणं तिला शिक्षाच वाटते. बाजारातून तीन सुऱ्या आणून दिल्या. एकीची मूठ "काडीसारखी", दुसरीची ओल्या हातातून निसटते, तिसरीला तिने हातच लावला नाही. शेवटी म्हणाली, "माझ्या विळीसारखं पातं दे, मग बघू."

म्हणून सरळ विळीचंच पातं काढलं. मे महिन्यात पुण्याहून दापोलीला घरी गेलो तेव्हा तिथल्या लोहाराकडे दिलं. त्याने तापवून बाक काढला, पुढची खोवणी तोडली, मागे मुठीत जाणारी शेपटी ओढून दिली आणि पुन्हा पाणी दिलं, म्हणजे तापवून, बुडवून पातं कडक केलं. पातं १६ सेंमी, शेपटी ९ सेंमी. शेपटीची जाडी ३ मिमी, रुंदी पात्याकडे १४ मिमी आणि टोकाला ६. धार अशी की पिकला टोमॅटो न चेपता कापला जातो.

अडलंय ते मुठीपाशी. दोनदा फसलो.

पहिली मूठ सागाची, दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्याची. भोक जरा लहान पडलं. म्हटलं जाईल आत, आणि हातोडीने शेपटी ठोकली. उभी चीर.

दुसरी पेरूची. सोसायटीत फांद्या छाटल्या होत्या, त्यातली मनगटाएवढी उचलली. हिरव्या लाकडावर सुरी लोण्यासारखी चालत होती, दोन तासांत मूठ तयार. रंग, गुळगुळीतपणा, वजन, सगळं फक्कड. तीन आठवड्यांनी रात्री ओट्यावर 'टक्' असा आवाज झाला. दिवा लावून पाहिलं तर मुठीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग, नख जाईल एवढी.

वखारीत बाभूळ, शिसव आणि चिंच मिळेल असं कळलं. शिवाय निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमच्या परसातला फणस पडला, त्याच्या फळ्या भावाने पडवीत रचून ठेवल्यात. हत्यारं म्हणाल तर करवत, दोन कानशी, ड्रिल आणि पॉलिश पेपर. रंधा नाही, पण आणू शकतो. यातलं कुठलं लाकूड घ्यावं?

वाकस

सांगलीकडच्या सुताराचा मुलगा आहे. आता धंदा दुसरा असला तरी हात अजून शाबूत आहे, म्हणून लिहितो.

लाकडाचं नाव तुम्ही आधी विचारलंत, ते शेवटी विचारायचं. तुमच्या दोन्ही मुठी जातीमुळे गेल्या नाहीत. साग उत्तम लाकूड आहे, पण ते उभ्या रेषेत फाटतं. शेपटी ठोकलीत म्हणजे तुम्ही पाचर मारलीत. सागाच्या जागी शिसव असती तरी हेच झालं असतं, फक्त नुकसान महाग पडलं असतं.

पेरूचं लाकूड चिवट असतं. आमच्याकडे लहान हत्यारांना लावतात. चूक झाली ती अख्खी फांदी घेतल्यामुळे, आणि तीही ओली. लाकूड वाळताना लांबीला जवळजवळ आक्रसत नाही. रुंदीला आक्रसतं, पण सगळीकडे सारखं नाही: वलयांच्या फेऱ्यात जितकं, त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडून सालीकडे. भेंड म्हणजे फांदीच्या मधोमधचा मऊ भाग, तो जागेवर ठेवून अख्खा गोल वाळवला तर तो कुठेतरी फाटणारच. त्यात नशिबाचा प्रश्न नाही. जाड ओंडका उभा चिरून त्याच्या फाकेतून मूठ काढायची, म्हणजे भेंड बाहेर राहतो.

दुसरी गोष्ट रेषा. मूठ आडवी धरून बाजूने बघा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेल्या पाहिजेत. मधेच बाजूला पळत असतील तर ती मूठ कधीतरी त्याच जागी तुटते. गाठ दिसायला झकास, पण शेपटीजवळ आली की घात.

वाळलंय की नाही हे कळायला घरचा वजनकाटा पुरतो. तुकडा दर रविवारी तोला आणि भिंतीवर लिहून ठेवा. लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा हलला नाही तर लाकूड तुमच्या घराच्या हवेशी जुळलं असं समजा. दापोलीहून पुण्यात आणलेलं लाकूड, मग ते कितीही जुनं असो, महिनाभर घरात नुसतं पडू द्या. कोकणातली हवा आणि पुण्याचा एप्रिल यांचं पटत नाही.

रोजचंच_रडगाणं

दीडशे रुपयांत रबरी मुठीची सुरी मिळते. लोहाराची मजुरी, लाकूड, ड्रिल आणि तुमचे रविवार मिळून किती झाले? सहज विचारतोय.

पडवीतला

@रोजचंच_रडगाणं, त्या दीडशेवाल्या तीन सुऱ्या घरात आहेत. पत्ता कळवा, पाठवतो.

@वाकस, मनापासून आभार. पेरूच्या मुठीच्या टोकाला पाहिलं, भेंड बरोब्बर मधोमध आहे आणि भेग तिथूनच निघालीय.

सुगरणबाई

बाकी सगळं ठीक, पण खोवणी तोडली म्हणता, तिचं काय केलंत? आईंना विचारलं होतंत का?

पानगळ

वनस्पतिशास्त्र शिकवते, सुतारकाम येत नाही. लाकडांबद्दल थोडं लिहिते.

वाळलेल्या लाकडाचं दर घनमीटर वजन साधारण असं: फणस ६०० किलो, साग ६५०, बाभूळ ८००, शिसव ८५०च्या आसपास. खैर हजाराजवळ जातो आणि अंजनाचा गाभा तर पाण्यात बुडतो. जड म्हणजे चांगलं, असा सरळ हिशेब मात्र नाही. विळीचं पातं पातळ असतं. त्याला खैराची मूठ लावलीत तर सगळं वजन मागे येईल आणि सुरीचं तोंड वर उचललं जाईल. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा किंवा धामण लावतात, कारण तिथे हिसका सोसायचा असतो. भाजीच्या सुरीला हिसका नाही. तिला पाणी सोसायचंय.

त्या हिशेबाने तुमच्या यादीतला फणस मला बरा वाटतो. कोकणात दारं, खांब, देव्हारे फणसाचे असतात ते उगीच नाही. गाभ्याला वाळवी आणि कीड सहसा लागत नाही. मात्र गाभाच घ्या. सालीजवळच्या फिक्या लाकडात पिष्ट असतं, त्यावर भुंगेरे येतात आणि मग खाली पिठासारखी पूड पडते.

शिसवीची भूल पडेल, सुंदरच असते ती. पण तिची भूस काही जणांच्या कातडीला आणि श्वासाला चांगलीच बाधते. आणि परदेशातल्या कुणाला भेट पाठवायचा विचार असेल तर आधी नियम बघा. २ जानेवारी २०१७पासून शिसवीची जवळजवळ अख्खी प्रजाती सायटिस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावर बंधनं घालणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. कुठल्याही लाकडावर काम करताना नाकाला मास्क लावा, ही भूस फुप्फुसांना निरुपद्रवी नसते. कण्हेर आणि बिब्बा यांच्या वाटेला स्वयंपाकघराच्या वस्तूसाठी जाऊच नका.

आणखी एक. वाचून कुणी परसातला फणस तोडायला निघेल, म्हणून सांगते. १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत फणस, आंबा, चिंच, जांभूळ, साग, खैर हे सगळे आहेत. झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी परवानगी लागते. वादळाने पाडलेल्या झाडाची गोष्ट वेगळी.

दर्यावर्दी_अण्णा

वय ७६, मुक्काम गुहागर तालुका. नातवाने मोबाईलवर मराठी टंकायला शिकवलं, तेव्हापासून तुमचे धागे वाचतो. आज राहवलं नाही.

आमच्याकडे कोयतीला मूठ बसवायची रीत अशी. लाकडाला आधी लहान भोक पाडायचं, शेपटीपेक्षा बारीक. मग पात्याला ओलं फडकं घट्ट गुंडाळायचं, फक्त शेपटी निखाऱ्यात लाल करायची आणि लाकडात दाबायची. जळत जळत ती आपल्याच आकाराची जागा करते. अर्ध्यावर काढायची, राख झटकायची, पुन्हा तापवायची. एका दमात ढकलायची नाही. जागा झाली की लाख आणि विटेची वस्त्रगाळ पूड एकत्र पातळ करून भोकात ओतायची, शेपटी थोडी गरम करून बसवायची आणि गार होईपर्यंत हलवायची नाही. तोंडाला लोखंडी कडी हवीच, मुसळाच्या टोकाला असते तशी. कडी नसेल तर लाकूड तिथूनच उकलतं.

ओलं फडकं विसरलात तर पात्याचं पाणी उतरतं. मग धार काही राहत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. माझ्या वडिलांची कोयती मी अशीच एकदा घालवली. त्यांनी मारलं नाही, पण चार दिवस माझ्याशी बोललेही नाहीत.

वरून डिंकेल लावा. काजूच्या टरफलाचं तेल हो. आम्ही होडीला लावतो. पाणी टेकत नाही.

पानगळ

अण्णा, सगळं वाचताना फार मजा आली, पण डिंकेल स्वयंपाकघरात नको. हाताला फोड येतात त्याने, बिब्ब्याच्या जातीचंच काम आहे ते. होडीला ठीक. आईंच्या हातात रोज असणाऱ्या मुठीला नको.

दर्यावर्दी_अण्णा

खरं आहे बाई. आमचे हात दगडाचे झालेत, म्हणून लक्षात आलं नाही.

कानसवाला

हौशी सुऱ्या करतो, आतापर्यंत चाळीसेक झाल्या. अण्णांची रीत अस्सल आहे, जुन्या तलवारींच्या मुठीही लाखेवरच बसवलेल्या असायच्या. पण लाख ७५-८० अंशांना मऊ पडते. सुरी कढत पाण्याखाली धरली गेली, किंवा गॅसशेजारी राहिली, की मूठ डुलायला लागेल. आजच्या घरात ॲराल्डाइट बरं. दोन्ही नळ्यांतलं सारखं घ्या, नीट घोटा आणि चोवीस तास हात लावू नका. लवकर सुकणारं घेऊ नका.

चिकटवण्याआधी शेपटी खरखरीत कागदाने घासून स्पिरिटने पुसा. माझ्या पहिल्या पाच सुऱ्यांच्या मुठी निसटल्या, कारण शेपटीला तेलाचा हात लागला होता. आणि भोकात हवेची पोकळी ठेवू नका. विळीचं पातं म्हणजे गंजणारं पोलाद. पाणी आत झिरपलं की शेपटी आतल्या आत गंजते, गंज फुगतो आणि वर्षभराने मूठ फुटते. आपण म्हणतो लाकूड खराब होतं. खराबी आतल्या लोखंडाची असते.

जाळून भोक करण्याला माझा विरोध आहे. जळकं लाकूड चिकट धरत नाही.

दर्यावर्दी_अण्णा

जळकं खरवडून काढायचं असतं रे बाळा. तेवढं लिहायचं राहिलं.

नागोयाकर

इथे जपानमध्ये स्वयंपाकाच्या पारंपरिक सुऱ्यांना 'होओ' नावाच्या झाडाचं लाकूड लावतात. एक प्रकारचा मॅग्नोलिया आहे तो. हलकं, मऊसर, अजिबात भारदस्त नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, एवढ्या महागड्या पात्याला हे काय? दुकानदार म्हणाला, ओल्या हाताला घसरत नाही, आणि खराब झाली की बदलायची. तेही शेपटी तापवूनच बसवतात, अण्णांसारखी. गुहागर आणि जपान एका रांगेत बघून बरं वाटलं.

ऊसपट्टा

बीड जिल्ह्यातला. आमच्याकडं ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मी लहानपणी सहा हंगाम आईवडलांबरोबर फडावर काढले.

मुठीबद्दल एकच सांगतो. गोल करू नका. गोल मूठ हातात फिरते, मग ती आवळून धरावी लागते, आणि आवळून धरली की तळवा सोलतो. बाभळीच्या नव्या मुठीवर आई जुनं सुती कापड ओलं करून गुंडाळायची. पहिला आठवडा तसाच. दुसऱ्या आठवड्यात कापड काढलं की कुठं घासलंय ते डागावरून दिसायचं. मग वडील काचेच्या तुकड्यानं तेवढाच भाग खरवडायचे. तिची मूठ वडलांना चालायची नाही आणि वडलांची तिला. अंधारातही हातात घेतल्याबरोबर कळायचं आपला कोयता कुठला.

कानसवाला

@ऊसपट्टा, +१. काचेने खरवडणं फार लोक विसरलेत. पॉलिश पेपरपेक्षा स्वच्छ काम होतं.

पडवीतला

(पाच आठवड्यांनी)

हजेरी लावतो. भावाने फणसाचा तुकडा एसटीने पाठवला. वजन लिहीत गेलो: ४१२ ग्रॅम, ४०१, ३९६, ३९५, ३९५. मग ड्रिल घेतलं.

भोक पाडायला लागलो आणि पिवळीधमक भूस ओट्यावर. आई बाहेरून ओरडली, "हळद सांडलीस का रे?"

आता रडगाणं. नऊ सेंमी खोल तीन भोकं शेजारी शेजारी पाडून ती एकत्र करायची होती. पहिलं सरळ गेलं. दुसरं आत जाताना पहिल्याकडे झुकलं. तिसरं कुठे गेलं ते देवाला माहीत. कानस आत पोचेना. तरी रेटलं, ॲराल्डाइट भरलं, सुरी उभी बांधून ठेवली. सकाळी वरून पाहिलं तर पातं एकीकडे आणि मूठ दुसरीकडे, पालखीतल्या देवासारखी एका अंगाला कललेली. भाजी चिरताना सारखं मनगट वळवावं लागतं. उकळत्या पाण्यात मूठ धरून, ओढून, शिव्या देऊन पातं सोडवलंय. फणस गेला.

वाकस

हाताने धरलेल्या ड्रिलने नऊ सेंमी सरळ जाणं आमच्या वडिलांनाही अवघड गेलं असतं. तिरकं गेलं यात लाज नाही. दोन फाळकी करा. मूठ उभी चिरायची, दोन्ही फाळक्यांत शेपटीच्या आकाराची खाच पटाशीने कोरायची, प्रत्येकी दीड मिमी खोल, आणि मग चिकटवून पुन्हा एक करायची. आत काय चाललंय ते सगळं डोळ्यांसमोर राहतं. भोक पाडायची भानगडच नाही.

पडवीतला

हे आधी का नाही सांगितलंत!

वाकस

तुम्ही लाकडाचं नाव विचारत होतात.

सुगरणबाई

मी कधीची हा धागा वाचतेय आणि एक कुणाच्याच डोक्यात येत नाहीये. पातं विळीचं. मग विळीचा पाट कुठे आहे? तो लाकडीच असेल ना? आईंच्या लग्नातला म्हणजे पन्नासेक वर्षं वाळलेला. दापोलीहून एसटीने लाकूड मागवताय आणि पाट माळ्यावर पडलाय.

(आणि खोवणीचं उत्तर अजून मिळालेलं नाही.)

वाकस

बाई, नमस्कार घ्या. धागा तुमचा.

पडवीतला

माळ्यावरच होता. जाडी २२ मिमी, दोन फाळक्यांना पुरून उरते. वरून तेलकट, काळाकुट्ट. रंधा उसना आणून एक पट्टा मारला आणि आतून पुन्हा तोच पिवळा रंग!

आईला विचारलं. मला वाटलं डोळ्यांत पाणीबिणी येईल. म्हणाली, "नुसत्या पाटाचं काय लोणचं घालू? काप."

पानगळ

पिवळा म्हणजे फणसच असण्याचा संभव जास्त. हवा आणि उजेड लागला की हळूहळू तांबूस-तपकिरी होतो. त्या रंगद्रव्याचा उपयोग आग्नेय आशियात भिक्षूंची वस्त्रं रंगवायला करत आले आहेत. मूठ आता हळदीसारखी दिसेल, वर्षाने ओळखू येणार नाही.

पाटाची वरची तेलकट कातडी मात्र पूर्ण काढा, नाहीतर चिकट धरणार नाही.

पडवीतला

(तीन रविवारांनंतर)

झाली. जरा सविस्तर लिहितो, कारण मला असं लिहिलेलं कुठे सापडलं नव्हतं.

पाटाच्या ज्या बाजूला रेषा सर्वांत सरळ होत्या तिथून १४ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद असे दोन तुकडे कापले. ज्या बाजू एकमेकींना चिकटणार त्या रंधून सपाट केल्या. काच टेकवून उजेडात पाहिलं, फट दिसेनाशी होईपर्यंत पुन्हा रंधा. यातच अर्धा दिवस गेला आणि बरं झालं गेला, कारण आता सांधा शोधावा लागतो.

शेपटी फाळक्यावर ठेवून टोकदार पेन्सिलीने रेघ मारली. पटाशी नवीन घेतली, १० मिमीची. आधी रेघेवर उभी दाबून काप, मग आतला भाग पातळ पापुद्र्यांनी काढायचा. दोनदा घाई केली आणि दोनदा रेघेबाहेर गेलो. तिथे नंतर भूस आणि ॲराल्डाइट कालवून भरलं. कोरडंच सगळं जुळवून, रबराने बांधून, पातं मुठीच्या रेघेत आहे ना ते बघितलं. मगच चिकटवलं. शेपटी घासून स्पिरिटने पुसली (कानसवाला यांचा शब्द). क्लॅम्प दोनच होते, बाकी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या.

पुढच्या रविवारी आकार. ऊसपट्टा यांचं वाचून डोक्यात होतं की मूठ आईच्या हाताची व्हायला हवी. पण तिला आठवडाभर वापरायला देऊन डाग बघायचे, तर ती आधीच वैतागलेली. चिकटवायच्या आधीच एक केलं होतं. पोळ्यांची घट्ट कणीक शेपटीभोवती लांबट गोळ्यासारखी थापली, पात्यावर जाड फडकं बांधलं आणि म्हटलं, कांदा चिरतेस तशी धर. तिने धरली. बोटांचे ठसे उठले. बघतो तर आई मूठ मुठीत धरतच नाही! अंगठा पात्याच्या पाठीवर, तर्जनी बाजूला, आणि मूठ नुसती मागच्या तीन बोटांत. म्हणजे पुढचा भाग बारीक हवा आणि मागचा भरीव. मी अगदी उलटं करणार होतो.

चौकोनाचा गोल करताना वाकस यांनी व्यनितून (खासगी निरोपातून) सांगितलेली युक्ती: ३० मिमीच्या चौकोनाला प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना ९ मिमीवर रेघ मारायची आणि कोपरा त्या रेघांपर्यंत उतरवायचा. झाला अठकोनी. मग त्याचे कोपरे, मग त्यांचे. डोळ्यांनी गोल करायला गेलं की बटाटा होतो. माझी मूठ लांबट गोल, म्हणून बाजूंना थोडं कमीजास्त केलं. आधी दातेरी कानस, मग साधी, मग ८०, १२०, २२०चा कागद. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने पुसली. तंतू काट्यासारखे उभे राहिले. वाळल्यावर पुन्हा ३२०. हे न करता तेल लावलं असतं तर पहिल्याच धुण्यात मूठ खरखरीत झाली असती.

मागे टोकाला थोडी फुगीर टाच ठेवलीय. डोळे मिटून हातात घेतली तरी धार कुठे आहे ते कळतं. तर्जनीवर तोलली की पातं मुठीला मिळतं तिथून बोटभर पुढे तोल येतो.

एकच खंत. पात्याजवळ कडी बसवायची होती, जमली नाही. तिथे फट ॲराल्डाइटने बंद केलीय.

आता तेल कुठलं लावू? घरात खोबरेल, शेंगदाणा आणि तीळ आहे.

कानसवाला

यातलं एकही नको! खोबरेल आणि शेंगदाणा लाकडात सुकत नाहीत. चिकट राहतात आणि काही दिवसांनी खवट वास मारतात. जवसाचं तेल आणा, ते हवेत घट्ट होतं. रंगाच्या दुकानातल्या 'डबल बॉइल'मध्ये लवकर सुकण्यासाठी धातूची क्षारं असतात, म्हणून खायचं, घाण्याचं जवस तेल घ्या. बोटाने पातळ हात द्यायचा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसायचं, चार-पाच दिवस थांबायचं. असे पाच-सहा हात. पावसाळ्यात आणखी वेळ लागतो. शेवटी मेण.

पुसलेलं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

दर्यावर्दी_अण्णा

कडीचं मनाला लावून घेऊ नका. भाजीच्या सुरीला हिसका नाही, पानगळबाईंनी वर म्हटलंच आहे. पण एक करा. मूठ ढिली वाटली तर पाण्यात भिजत घालू नका. आमच्याकडे कुऱ्हाडीचा दांडा रात्रभर बादलीत ठेवतात, सकाळी घट्ट होतो. पण फुगताना लाकूड कडेला चेपलं जातं आणि वाळलं की आधीपेक्षा ढिलं पडतं. ती तेवढ्या दिवसापुरती तजवीज असते.

रोजचंच_रडगाणं

मूठ चांगली झालीय, मान्य. फोटोत सांधा दिसत नाही. त्या दीडशेवाल्या सुऱ्यांतली एक चालेल, पत्ता व्यनि केलाय.

पडवीतला

(दीड महिन्याने, शेवटची खबर)

जवसाचे पाच हात दिले, वर मेण. रंग अजून पिवळा, पण जिथे आईचा अंगठा टेकतो तिथे तपकिरी व्हायला लागलाय. कोकम चिरून सुरी तशीच ठेवली म्हणून पात्यावर काळा डाग पडला. आई म्हणे, विळीवर पण पडायचा, त्याचं काय एवढं.

काल तिने पहिल्यांदा न सांगता स्वतःहून सुरी घेतली आणि उभ्याने पावशेर भेंडी चिरली. मी दारात उभा. काही बोलेल म्हणून वाट बघत होतो. भेंडी संपली, सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सुरीचं झालं. आता नारळ कशाने खोवू?"

सुगरणबाई

पहिल्या दिवसापासून विचारतेय!!

पडवीतला

खोवणी खिळ्यांच्या डब्यात सापडली. तीन सेंमीची शेपूट शिल्लक आहे. ओट्याच्या कडेला क्लॅम्पने अडकेल अशा लाकडी ठोकळ्यात बसवायचा विचार आहे. पाटाचा उरलेला तुकडा १८ सेंमी लांब, २२ मिमी जाड. @वाकस, खोवताना जोर वरून खाली येतो, तर ठोकळ्याच्या रेषा उभ्या ठेवू की आडव्या?

वाकस

आडव्या, ओट्याला समांतर. खोवणीचं मूळ रेषा कापत आत गेलं पाहिजे, रेषांच्या मधून गेलं तर फाटेल. आणि या वेळी हातोडी घरात ठेवू नका.